आधि आणि व्याधि

आधि आणि व्याधि हे दोन शब्द आपण नेहमी जोडीने उच्चारतो. आशीर्वाद देताना, देवापुढे गाऱ्हाणे घालताना, पत्राच्या शेवटी क्षेमकुशल चिंतिताना ही जोडी आपोआप तोंडी येते. योगवासिष्ठात या दोहोंचा भेद स्पष्ट केलेला आहे. देहाचे दुःख ती व्याधि, मनाचे दुःख तो आधि. आणि पुष्कळदा आधीपासूनच व्याधि उत्पन्न होते, असेही तेथे सांगितले आहे. उच्चारात जोडी कायम राहिली. व्यवहारात मात्र आपण व्याधीला ओसरीवर बसवून तिची विचारपूस केली आणि आधीला माळ्यावर कोंडून ठेवले.

हे विधान आम्ही आपल्याच पत्रिकेच्या आधाराने करीत आहोत. प्रस्तुत अभ्यासलेखाच्या तयारीसाठी आम्ही मागील दहा वर्षांचे अंक काढले व त्यांतील अभिषेक आणि देणग्यांच्या याद्या ओळीने वाचल्या. पित्ताशयातील खडे निघाल्याबद्दल लघुरुद्र आहे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायऱ्या चढता आल्याबद्दल पालखीची सेवा आहे, मोतीबिंदू, हृदयविकार, कावीळ, अपघात, सर्व काही आहे. नैराश्याच्या आजारातून बरे झाल्याबद्दल, मुलाचे भ्रम ओसरल्याबद्दल, सुनेला पुन्हा झोप लागू लागल्याबद्दल केलेली एकही सेवा आम्हांस आढळली नाही. एक गोष्ट मात्र वारंवार आढळली : 'मनःशांत्यर्थ अभिषेक.' या दोन शब्दांपुढे नाव आहे, रक्कम आहे, कारण नाही. पूर्वी आम्ही या ओळी नुसत्या छापीत होतो; आता त्या वाचताना हात थांबतो.

आपल्या परिचयात असे कितीजण असतील, याचा अंदाज करण्याचे साधन उपलब्ध आहे. बेंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजे 'निम्हान्स'ने, २०१५-१६ साली बारा राज्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. त्या बारांत गोवा, महाराष्ट्र वा कर्नाटक नव्हते. आपले अनेक आप्त ज्या गुजरात व मध्यप्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत, ती राज्ये होती. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांस कोणता ना कोणता मनोविकार होता. दारूचे व्यसन त्यात धरले आहे, तंबाखूचे धरलेले नाही. आयुष्यात केव्हातरी असा विकार होऊन गेलेल्यांचे प्रमाण १३.७ टक्के होते. हेच प्रमाण एखाद्या ६०० प्रौढ सभासदांच्या संस्थेस लावून पाहिले तर आजघडीस साठांहून अधिक माणसे रुग्ण ठरतात. जत्रेच्या महाप्रसादाला वीस-वीसांच्या पंगती बसतात. म्हणजे अशा तीन पंगती भरून उरतील एवढी ही संख्या झाली.

वाचक म्हणतील, इतके वेडे आपल्यात कोठे आहेत ? मुख्य घोटाळा याच प्रश्नात आहे. मनोविकार म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे फाटक्या वस्त्रांत स्वतःशी बोलत हिंडणारा मनुष्य उभा राहतो. पणजीत मनोरुग्णालय आल्तिनोच्या टेकडीवर होते तेव्हा 'याला आल्तिनोला न्या' अशी थट्टा चाले. रुग्णालय बांबोळीस गेले, थट्टाही त्याच्यामागून बांबोळीस गेली. परंतु त्याच पाहणीनुसार, ज्यांस तीव्र म्हणतात असे विकार शंभरांत एकालाही नव्हते, प्रमाण ०.८ टक्के होते. म्हणजे आपल्या ६०० जणांत असे रुग्ण सुमारे पाच. उरलेले पन्नासांहून अधिक लोक नोकरी करतात, दुकान चालवितात, मुलांना शाळेत पोचवितात आणि सोमवारी आपल्याशेजारी उभे राहून आरती म्हणतात. नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ, व्यसन हे त्यांचे आजार. ते दिसत नाहीत, कारण आपण त्यांना दुसरी नावे देऊन ठेवली आहेत.

ही नावे पाहण्यासारखी आहेत. 'स्वभावच एकलकोंडा.' 'पित्त उसळते.' 'कामाचे टेन्शन.' 'बाहेरचे काही लागले.' 'म्हातारचळ.' आणि देवळाच्या परिसरात विशेष चालणारे नाव म्हणजे 'सोवळे फार कडक.' आमच्या परिचयातील एक वृद्ध बाई दीर्घकाळ निष्ठेचा आदर्श म्हणून नावाजल्या गेल्या. त्यांची पूजा पहाटे चारला सुरू होऊन दुपारी एकपर्यंत चाले. संकल्पाचा एक शब्द चुकला असे वाटले की त्या आरंभापासून पुन्हा म्हणत. हात धुऊन धुऊन बोटांची साले निघत. आम्ही, म्हणजे देवळातील सर्वच मंडळी, त्यांचे कौतुक करीत होतो. पुढे त्यांच्या नातीने त्यांना तज्ज्ञाकडे नेले आणि चौकशीत त्या म्हणाल्या की, 'पूजेत मला चाळीस वर्षांत एक दिवसही आनंद झाला नाही, भय तेवढे वाटले.' मंत्रचळ हा शब्द मराठीत पूर्वीपासून आहे. आपल्या पूर्वजांनी ही अवस्था ओळखली होती, असेच म्हटले पाहिजे. आम्हीच तिला भक्ती समजलो. उपचारानंतर त्यांची पूजा तासाभरात होऊ लागली. आपली भक्ती कमी झाली की काय, ही शंका त्यांना काही महिने छळीत होती, हेही नमूद केले पाहिजे. कारण असे रुग्ण पुष्कळदा औषध टाळतात ते याच शंकेने.

दुसरे आच्छादन बाळंतपणाचे आहे. घरात नवे बाळ आले असता मातेने दुःखी असावे, ही कल्पनाच आपणांस सहन होत नाही. ती अबोल झाली तर दृष्ट काढतात, रडू लागली तर 'पाचवीची नीट केली नाही' म्हणतात. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या गोव्यातीलच एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या मातांचा अभ्यास करून तो २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त आढळल्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही त्यामागील मोठी कारणे ठरली. आणि बाळ मुलगा आहे की मुलगी, यावरही मातेचे आजारपण अवलंबून होते. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. बारशाला 'पुढच्या खेपेस मुलगा होईल' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया आपल्याच घरांतील असतात.

सर्वांत घट्ट पडदा मात्र विवाहाचा. एका मुलाला आजार आहे असे कळले तर त्याच्या बहिणीचे जमणार नाही, म्हणून औषधे दूरच्या शहरातून आणतात, चिठ्ठीवरचे नाव फाडून टाकतात आणि कुळाव्यांत 'तो मुंबईस असतो' असे सांगतात. मुलगी आजारी असेल तर लग्नाच्या दिवसापासून तिच्या गोळ्या बंद होतात, कारण सासरी त्या ठेवणार कोठे ? काही आठवड्यांत आजार उलटतो आणि मग 'मुलगी वेडी होती, आम्हांला फसविले' असा बोभाटा होतो. मुलगी वेडी नव्हती. तिचे औषध हिरावले गेले होते. मधुमेही नवरीची सुई लग्नात कोणी लपवून ठेवीत नाही. यात कायद्याचाही भाग आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. तथापि मुंबई-बेळगावच्या आपल्या कुटुंबांस १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे, आणि त्यात विवाहाच्या अटींत मानसिक विकाराचा उल्लेख आहे. अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, नाव त्या अटींत होते. ते १९९९ साली काढण्यात आले. मनोविकाराच्या बाबतीतही प्रत्येक आजार विवाहास बाध आणतो असे नाही. विकाराचा प्रकार व तीव्रता पाहावी लागते. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून केलेला विवाह न्यायालयात टिकत नाही, असे प्रसंग येतात. तेव्हा लपविणे हा मुलीच्या रक्षणाचा मार्ग आहे, ही समजूतच चुकीची आहे. विवाह ठरण्यापूर्वी दोन्ही घरच्या मोजक्या माणसांनी डॉक्टरांसमोर बसून बोलावे. काही स्थळे जातील. जी राहतील ती टिकतील, असा आमचा तरी अनुभव आहे.

आता शास्त्राकडे वळू. कारण 'हे सर्व आजकालचे फॅड, पूर्वी असे नव्हते' हा आक्षेप आम्हांस सभेत ऐकावा लागला. चरकसंहितेत उन्मादावर निदानस्थानात एक व चिकित्सास्थानात एक असे स्वतंत्र अध्याय आहेत. उन्मादाचे पाच प्रकार सांगितले असून पाचवा आगंतु, म्हणजे भूतग्रहादिकांमुळे होणारा, मानला आहे. पण निदानस्थानात त्याच विवेचनाच्या शेवटी ग्रंथकार असे बजावतो की, जो स्वतः क्लेश ओढवून घेत नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस कोणीही पीडा देत नाहीत, आणि शहाण्याने आपल्या रोगाचा दोष देवांवर वा पितरांवर घालू नये. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने हे म्हणावे, हे धैर्यच होय. याच वचनातील 'स्वतः ओढवून घेणे' ही कल्पना मात्र आम्हांस आज जशीच्या तशी मान्य करवत नाही. रक्तातील साखर कोणी पापाने वाढवीत नाही, तसे नैराश्यही. आनुवंशिक प्रवृत्ती, मेंदूतील रासायनिक क्रिया, बालपणीचे आघात, दारिद्र्य, एकाकीपणा अशी अनेक कारणे एकत्र येऊन हे आजार होतात. चरकाने चिकित्सेचे तीन मार्ग सांगितले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मंत्र, व्रत, नमस्कार हा पहिला. आहार व औषध हा दुसरा. मनाला अहितकर विषयांपासून आवरणे हा तिसरा. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, असे चरक म्हणत नाही.

तेव्हा आजारी माणसाला घेऊन देवळात येऊच नये का ? असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तामिळनाडूतील एका खेड्यात मुथुस्वामींचे देऊळ आहे. तेथे मनोरुग्ण नातेवाइकांसह येऊन राहतात, देवळाची झाडलोट करतात, झाडांना पाणी घालतात, पूजेस बसतात. निम्हान्सच्या संशोधकांनी तेथे राहिलेल्या ३१ जणांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. बहुतेकांना तीव्र आजार होते. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यात त्यांच्या लक्षणांची तीव्रता जवळजवळ वीस टक्क्यांनी कमी झाली. तेथे कोणाला साखळीने बांधीत नाहीत, कोणाला मारीत नाहीत. घरचा माणूस शेजारी असतो आणि हातांना काम असते. संशोधकांनी श्रेय दिले ते या निर्भय वातावरणाला. याच्या उलट चित्र त्याच राज्यातील एरवाडीचे. तेथील एका श्रद्धास्थानाजवळ रुग्णांना ठेवून घेणारी खासगी निवासस्थाने होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांपैकी एकास आग लागली. माणसे साखळ्यांनी बांधलेली होती; पंचवीसांहून अधिक जण पळू न शकल्याने मेले. दोन्हीकडे श्रद्धा होती. एकीकडे साखळी होती.

आमच्या अग्रशाळेत साखळी नाही, याचे समाधान मानून आम्ही येथे थांबलो असतो. पण एक कबुली देणे आहे. अठरा वर्षे पालखीच्या सेवेकऱ्यांची यादी लावणारे एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी सभांना येईनासे झाले. इतिवृत्तात आम्ही 'गैरहजर' असे लिहिले. तीन सभांनंतर नियमाप्रमाणे त्यांचे नाव समितीतून कमी केले आणि कळविणारे पत्र साध्या टपालाने पाठविले. त्यांच्या घरी कोणी गेले नाही. घर देवळापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. पुढे दीड वर्षाने त्यांच्या पत्नीकडून समजले की, ते त्या काळात सकाळी उठून दात घासण्याइतकेही बळ नसल्यासारखे पडून असत, आणि आमचे पत्र त्यांनी उशाखाली ठेवले होते. त्यांना पाय मोडला असता तर आम्ही सगळे फळे घेऊन गेलो असतो.

वास्तविक, जाऊन बसण्याने काय होते याचा पुरावा आपल्या गोव्यातच तयार झाला आहे. 'संगथ' या संस्थेने गोव्यातील २४ दवाखान्यांत, निम्मे सरकारी व निम्मे खासगी, सुमारे २,८०० रुग्णांसह एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. निम्म्या दवाखान्यांत एकेक स्थानिक समुपदेशक नेमली होती. त्या डॉक्टर वा परिचारिका नव्हत्या. प्रशिक्षण दिलेल्या साध्या गृहस्थ स्त्रिया होत्या. त्या रुग्णाशी बोलत, आजार समजावून सांगत, पुन्हा येण्याची आठवण करीत. गरज असेल तेथे डॉक्टर औषध देत आणि मनोविकारतज्ज्ञ देखरेख करीत. सरकारी केंद्रांत, जेथे अशी बाई होती तेथे निदान झालेल्या शंभरांपैकी सुमारे ६६ जण सहा महिन्यांनी बरे झालेले आढळले; जेथे नव्हती तेथे ४३ च्या आसपास. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तेथे दोन्हीकडे बरे होणारे सारखेच होते. आम्हांस यात नवल वाटत नाही. गावातील जुना डॉक्टर नाव घेऊन हाक मारतो, घरची सून कोण आणि मुलगा कोठे हे त्याला ठाऊक असते. ती बाई जे काम करण्यासाठी नेमली होती, ते तो पूर्वीपासून करीतच असावा.

भगवद्गीतेचा पहिला अध्याय विषादाच्या नावाने ओळखला जातो. अर्जुनाला रुग्ण ठरविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून गळणारे धनुष्य, भोवंडणारे मन हे त्याने केलेले वर्णन ज्यांनी हा त्रास भोगला आहे त्यांना परके वाटणार नाही. त्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी अर्ध्या श्लोकाहून अधिक काही नाही. तो ऐकत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो बोलतो ती कानउघाडणी आहे, आणि तिचा उपयोग झालेला नाही. अर्जुन आपले म्हणणे पुन्हा मांडतो आणि गप्प बसतो. उपदेश सुरू होतो तो त्यानंतर. 'मन घट्ट कर', 'तुला कमी काय आहे ?', 'नामस्मरण कर म्हणजे बरे वाटेल' अशी वाक्ये आपण रुग्णाच्या तोंडावर फेकतो, त्या वेळी हा क्रम ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

घरी गेल्यावर काय बोलावे, असे पुष्कळांनी विचारले. झोप लागते का, जेवण जाते का, पूर्वी आवडणारी गोष्ट आता करावीशी वाटते का, एवढे विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उत्तर 'नाही' असे येत असेल तर डॉक्टरकडे जाण्याविषयी बोलावे आणि पहिल्या खेपेस स्वतः सोबत जावे. जगणे नकोसे होते का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही भीती निराधार आहे. विचारल्याने ओझे हलके होते. उत्तर 'होय' आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. पोलिसांच्या भीतीने गप्प राहण्याचे कारण उरलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसास शिक्षा नव्हे तर उपचार मिळावेत असे ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा देणारे जुने कलमही ठेवलेले नाही. शरीराच्या आजाराप्रमाणे मनाच्या आजारासही विमा मिळाला पाहिजे, ही तरतूद २०१७ च्या कायद्यातच आहे. बांबोळीच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य आहे आणि रात्रीही चालते. हा क्रमांक आम्ही अग्रशाळेच्या फलकावर, जेवणाच्या वेळापत्रकाशेजारी लावला आहे. दुसऱ्याच दिवशी तो कोणीतरी फाडून नेला. प्रथम आम्हांस राग आला. मग वाटले, नेणाऱ्याला तो घरी हवा असेल. आता तेथे चिठ्ठ्यांचा गठ्ठाच टांगून ठेवला आहे. दर सोमवारी काही कमी होतात.

लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही आपल्या पुरोहितांकडे गेलो. कौल घेण्यास येणाऱ्यांपैकी कितीजण असे असतात, असे विचारता त्यांनी संख्या सांगण्याचे नाकारले. देवापुढे सांगितलेले आम्ही बाहेर सांगत नाही, असे म्हणाले. ते योग्यच आहे. गाऱ्हाणे कसे घालता, एवढे तरी सांगा, असे आम्ही म्हटले. ते म्हणाले, 'नेहमीचेच घालतो. अलीकडे शेवटी दोन शब्द वाढवतो : देवा, औषध घेण्याची बुद्धी दे आणि डॉक्टरच्या हाताला यश दे.'